‘क्वेकर’ : कंपवाचक शब्दाचा उगम आणि त्याचे अर्थांतर

सौंसरकडील एका धर्मशिक्षक बंधूंनी आम्हांस विचारलेल्या एका प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा जन्म झाला. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील बाराव्या वचनावर ते आपल्या मंडळीत बोध करीत होते. आपले तारण भय आणि कंप यांसह साधून घ्या, असा पौलाचा तेथे आदेश आहे. उपासना संपल्यावर एका वृद्ध बाईने त्यांस विचारले, “गुरुजी, देवाने प्रीती केली म्हणता आणि कापायलाही सांगता, मग आम्ही नेमके करावे तरी काय?” बंधूंनी त्या वेळी काही उत्तर दिले खरे, पण त्यांचे स्वतःचेच समाधान झाले नाही. पुढे इटारसीच्या वाटेवर त्यांच्या कानी ‘क्वेकर मिशन’ हे नाव आले. त्याचा अर्थ ‘कापणारे’ असा होतो असे कळल्यावर त्यांचा गोंधळ अधिकच वाढला. ज्यांच्या उपासनेत शांत बसण्याची ख्याती, त्यांस ‘कापणारे’ का म्हणावे?

दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असे आमचे मत आहे. म्हणून प्रथम त्या इंग्रजी शब्दाचा इतिहास पाहू आणि मग त्याच्या प्रकाशात आपल्या व्यासपीठावरील भाषेकडे वळू.

शब्दाचे मूळ

‘क्वेकर’ हे नाम ‘क्वेक’ या क्रियापदापासून झाले आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘क्वाकिअन’ असे होते. कापणे, थरथरणे, थंडीने दात वाजणे, हे त्याचे अर्थ. ‘हलविणे’ या अर्थाचे ‘क्वेक्कन’ हे दुसरे प्राचीन क्रियापद त्याचेच आप्त होय. म्हणजे मुळात हा शब्द शरीराचा आहे, धर्माचा नव्हे. थंडी, ताप, म्हातारपण, भीती यांपैकी कोणत्याही कारणाने देह हलू लागला की हा शब्द वापरीत.

पुढे तो भूमीलाही लावण्यात आला. आपण ‘भू’ आणि ‘कंप’ मिळून ‘भूकंप’ म्हणतो, तद्वत इंग्रजीत ‘अर्थ’ आणि ‘क्वेक’ मिळून ‘अर्थक्वेक’ झाला. आज इंग्रजी वृत्तपत्रांत नुसता ‘क्वेक’ शब्द छापला तरी वाचक भूकंपच समजतो. माणसाच्या देहाचा शब्द अशा रीतीने बव्हंशी भूमीच्या स्वाधीन झाला आहे.

याच अर्थाचा दुसरा एक शब्दवंश इंग्रजीत लॅटिन भाषेतून आला. त्यातील ‘ट्रेमेंडस’ या शब्दाची कथा उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ज्याच्यापुढे कापावे असा’. रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पवित्राच्या अनुभवाचे वर्णन करताना याच लॅटिन शब्दाचा आधार घेतला. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ ‘फार मोठा’, ‘फार छान’ इतका उथळ झाला आहे. आपल्याकडे तरी निराळे काय घडले? ‘भयंकर’ म्हणजे भय उत्पन्न करणारा. पण आज एखादे गाणे आपणांस ‘भयंकर आवडते’. ‘थरार’ हा एके काळी अंगावर काटा आणणारा शब्द. आज पैसे देऊन पाहण्याच्या चित्रपटाला ‘थरारपट’ म्हणतात. भयाचे शब्द झिजतात आणि मनोरंजनाच्या कामी लागतात, हा सर्व भाषांचा अनुभव दिसतो.

पवित्र शास्त्रातील कंप

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी शास्त्राच्या भाषांतरात ‘क्वेक’ हे क्रियापद अनेकदा आढळते. सिनाय पर्वत कापला तेथे ते आहे (निर्गम १९:१८). येशूच्या मृत्यूसमयी भूमी कापली तेथे ते आहे (मत्तय २७:५१). आणि सिनायपुढे मोशे स्वतः कापला असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे, तेथेही तेच आहे (१२:२१). निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक सूक्ष्म गोष्ट आहे. सोळाव्या वचनात लोक कापले आणि अठराव्यात पर्वत कापला; मूळ इब्री भाषेत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच, ‘हारद’. माणूस आणि पर्वत एकाच वाणीपुढे एकाच रीतीने हलतात, हे तेथे शब्दानेच सुचविले आहे.

या ‘हारद’ शब्दाची व्याप्ती पाहिली म्हणजे त्या वृद्ध बाईच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात, जो दीन आहे, भग्नहृदय आहे आणि देवाच्या वचनाविषयी कापतो त्याच्याकडे देव पाहतो, असे सांगितले आहे (वचन २). तेथे ‘हारेद’ हे रूप योजिले आहे. हेच रूप वृद्ध एली याजकाच्या कथेत येते. पलिष्ट्यांशी युद्ध चालले असता तो वाटेकडे डोळे लावून बसला होता, कारण देवाच्या कोशासाठी त्याचे अंतःकरण कापत होते (१ शमुवेल ४:१३). एली कोशाला भीत नव्हता. कोशाचे काय होईल या चिंतेने त्याचे मन थाऱ्यावर नव्हते.

याहूनही बोलके उदाहरण दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात आहे. शुनेम येथील बाईने अलीशासाठी माडीवर खोली बांधली. खाट, मेज, चौरंग, समई अशी सर्व व्यवस्था केली. त्यावर अलीशा तिला म्हणतो की तू आमच्यासाठी केवढी काळजी वाहिलीस (वचन १३). येथे ‘काळजी वाहणे’ यासाठी मूळ शब्द ‘हारद’ हाच आहे. शब्दशः पाहता, ‘तू आमच्यासाठी हा सारा कंप कापलीस’ असे ते वाक्य होते! घरी मोलाचा पाहुणा यावयाचा असता गृहिणीची जी धांदल होते, काही उणे पडू नये म्हणून तिचे मन जे वरखाली होते, तोही शास्त्राच्या भाषेत कंपच आहे. देवाच्या वचनाविषयी कापणारा म्हणजे त्या वचनाला आपल्या घरी काही उणे पडू नये म्हणून जपणारा, असा अर्थ येथून निघतो.

नव्या करारात पौल ‘फोबोस’ आणि ‘त्रोमोस’, म्हणजे भय आणि कंप, ही जोडी चार ठिकाणी वापरतो. करिंथास आपण कसे आलो हे सांगताना तो ती स्वतःविषयी वापरतो (१ करिंथ २:३). करिंथकरांनी तीताचा स्वीकार कसा केला तेथे ती आहे (२ करिंथ ७:१५). दासांनी धन्याची सेवा कशी करावी तेथे ती आहे (इफिस ६:५). चौथे स्थळ फिलिप्पैचे. या चारही स्थळी नरकाग्नीचा उल्लेख नाही. काही मोलाचे काम हाती आले आहे आणि ते बिघडू नये, हीच भावना सर्वत्र दिसते. फिलिप्पैच्या वचनाचे कारणही लगेच पुढच्या वचनात दिले आहे: तुमच्या ठायी कार्य करणारा देव आहे. आपल्या घरात कोण काम करीत आहे हे ज्याला कळले, त्याचे हात थोडे कापणारच.

डर्बी येथील उपहास

आता ‘क्वेकर’ नावाकडे वळू. इंग्लंडातील यादवी युद्धाचा तो काळ. जॉर्ज फॉक्स हा १६२४ साली जन्मलेला एका विणकऱ्याचा मुलगा. पाळकांकडे आणि पंडितांकडे फिरूनही त्याच्या जिवाला स्वस्थता लाभेना. ख्रिस्त स्वतःच अंतर्यामी बोलतो आणि त्याचा प्रकाश प्रत्येक मनुष्यास लाभू शकतो, अशी त्याची खात्री झाली व तो गावोगाव सांगत फिरू लागला. १६५० साली डर्बी येथे त्याला देवनिंदेच्या आरोपाखाली धरण्यात आले आणि जवळजवळ वर्षभर त्याने तुरुंगवास भोगला. त्या वेळी त्याने दंडाधिकाऱ्यांस, प्रभूच्या वचनापुढे कापा, असे बजावले. त्यावर जर्व्हेस बेनेट या दंडाधिकाऱ्याने त्यालाच उलट ‘क्वेकर’ म्हणून हिणविले. ही हकीकत फॉक्सच्या १६९४ साली, म्हणजे त्याच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीत आहे.

या उपहासात एक विपर्यास आहे. फॉक्सने कापण्याचे आवाहन न्यायासनावर बसलेल्यांस केले होते. त्यांनी तो शब्द उचलून आरोपीच्या कपाळी चिकटविला. वस्तुतः त्या प्रसंगी न कापणारा मनुष्य एकच होता, तो म्हणजे फॉक्स.

तथापि हे नाव केवळ याच प्रसंगातून आले असे म्हणता येत नाही. १६४७ सालच्या एका पत्रात लंडनजवळील सदर्क येथील एका निराळ्या पंथाच्या स्त्रियांना, त्यांच्या अंगाला कंप सुटत असे म्हणून, हेच नाव लावलेले आढळते. तसेच फॉक्सच्या अनुयायांच्या आरंभीच्या सभांत अनेकांच्या देहाला प्रत्यक्ष कंप सुटे. त्या पंथाचा विद्वान लेखक रॉबर्ट बार्कले याने १६७८ साली इंग्रजीत आणलेल्या आपल्या समर्थनग्रंथात हे मान्य केले आहे. अंतर्यामी प्रकाश आणि अंधकार यांची झुंज चालते तेव्हा देह हलतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हे नाव आम्ही निवडलेले नाही, पण त्याची आम्हांस लाजही वाटत नाही, असा त्याचा एकंदर सूर आहे.

स्वतः ते लोक आपणांस ‘मित्र’ म्हणवीत. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांस मित्र म्हणतो (वचने १४ व १५), त्यावरून हे नाव. परंतु जगाने ठेवलेले नावच रूढ झाले. १६६२ साली त्यांच्याविरुद्ध जो कायदा झाला त्यातही हेच नाव आले. शपथ घेण्यास नकार आणि बेकायदा ठरविलेल्या सभा या कारणांनी हजारो जण तुरुंगात पडले.

शब्दाचा उलटा प्रवास

येथून पुढे या शब्दाचा अर्थ उलटत जातो. देहाचा कंप सभांतून हळूहळू लोपला आणि मौन राहिले. साधा करडा पोशाख, एकच भाव सांगणारा दुकानदार, खरे बोलणे, युद्धास नकार, ही त्यांची ओळख झाली. १६८८ साली अमेरिकेतील जर्मनटाऊन येथे त्यांच्यातील काहींनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या त्यांच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांस मंडळीत स्थान नाही असे ठरविले. एलिझाबेथ फ्राय या बाई तुरुंगातील कैदी स्त्रियांची सेवा करण्यात अग्रेसर झाल्या. शंभर-दीडशे वर्षांत ‘कापणारा’ हा शब्द ‘अविचल’ मनुष्याचा वाचक बनला!

यापुढे शब्द धर्माबाहेरही पडला. शत्रूला फसविण्यासाठी मांडलेल्या लाकडी तोफेस अमेरिकेत ‘क्वेकर तोफ’ म्हणू लागले. कारण ती कोणास मारीत नाही. १८७७ साली ओटच्या धान्याच्या एका व्यापारी चिन्हात त्या साध्या पोशाखातील मनुष्याचे चित्र आले. प्रामाणिकपणाची कीर्ती मालाला लाभावी हा त्यातील हेतू. त्या व्यवसायाचा त्या पंथाशी संबंध नव्हता. उपहासाचे नाव विश्वासाची खूण झाले आणि विश्वासाची खूण डब्यावरचे चित्र झाली. शब्दांच्या भाग्यात असे चढउतार असतात.

कंप सोडून न देणारा एक फाटाही निघाला. १७४७ साली मँचेस्टर भागात जो गट उभा राहिला त्यास लोक ‘हलणारे क्वेकर’ म्हणत. पुढे ‘शेकर’ एवढेच नाव उरले. १७७४ साली अॅन ली यांच्या नेतृत्वाखाली त्यांपैकी काही अमेरिकेस गेले.

यशयाच्या त्याच अध्यायावरून आज यहुदी समाजातील अतिशय कर्मठ लोकांस ‘हरेदी’ म्हणतात, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. एकाच वचनातील एका शब्दाने दोन अगदी भिन्न समाज ओळखले जावेत, हा योगायोग मोठा विलक्षण होय.

आपल्या शेजारी

पांढुर्ण्याहून आमला, बैतूल या मार्गाने रेल्वे इटारसीस पोहोचते. तेथून होशंगाबाद, म्हणजे २०२२ पासूनचे नर्मदापुरम, जवळच आहे. रेचल मेटकाफ या इंग्रज क्वेकर बाई १८६६ साली भारतात आल्या आणि १८७० च्या दशकात या मिशनचे काम होशंगाबादेस रुजले. होशंगाबादजवळील रसूलिया येथे पुढे त्यांचे ग्रामीण केंद्र उभे राहिले. शाळेतील मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकावे यासाठी १९७२ साली त्या जिल्ह्यात जो उपक्रम सुरू झाला, त्यात या केंद्राचा वाटा होता. मार्जरी साइक्स या क्वेकर विदुषीने वर्ध्याजवळ सेवाग्रामात नयी तालीमचे काम केले, त्या रसूलियातही राहिल्या आणि भारतातील क्वेकरांचा इतिहास त्यांनी १९८० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९४७ साली या समाजाच्या ब्रिटिश व अमेरिकन सेवासंस्थांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वश्रुत आहे.

तेव्हा आपल्या धर्मशिक्षक बंधूंनी ऐकलेले नाव परदेशातील एखादे कुतूहल नव्हे. नागपूर आणि नर्मदा यांच्या मधल्या या मुलुखाने ते जवळून पाहिले आहे.

व्यासपीठासाठी विवेक

मराठीत कंपासाठी शब्दांची उणीव नाही, पण प्रत्येकाचे घर वेगळे आहे. हिवतापात हुडहुडी भरते. भीतीने थरकाप होतो, कापरे भरते, पाय लटपटतात. भूमी हादरते. देवीपुढे अंगात येते, माणूस घुमू लागतो. आनंदाने अंगावर रोमांच येतात. संस्कृत काव्यशास्त्राने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांत ‘वेपथु’ म्हणजे कंप हा एक मानला आहे, आणि संतवाङ्मयाच्या श्रोत्यांस अष्टसात्त्विक भाव ही कल्पना परिचित आहे. आपण ‘कापत’ म्हणालो की श्रोता या सर्व घरांपैकी कोणत्या घरी जाईल, याचा विचार उपदेशकाने आधी करावयास हवा. आमच्या मते चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : देहाचा कंप हा स्वतः ना पुण्य, ना पाप. प्रभुभोजनाचा प्याला घेताना ज्या वृद्धाचा हात हलतो त्याला कदाचित कंपवात असेल. त्याच्याकडे पाहून कोणी त्याच्या विश्वासाचे माप काढू नये. पाळकाने प्याल्याखाली आपला हात धरावा, एवढेच. प्रार्थनेत कोणाचे अंग हलू लागले तर त्यास लगेच आत्म्याचा पुरावा मानू नये आणि लगेच ‘अंगात आले’ म्हणून हिणवूही नये. पिंपळाला संस्कृतात ‘चलदल’ म्हणतात. लांब देठामुळे त्याचे पान किंचित वाऱ्यानेही हलते. त्याच वाऱ्यात सागाचे पान स्थिर राहते. वारा दोघांसही सारखाच लागतो.

दुसरी : कंप कोठे नेतो ते पाहावे. भुतेही देव एक आहे असे मानतात आणि कापतात, असे याकोब सांगतो (२:१९). त्यांचा कंप तेथेच संपतो. उलट, रक्तस्रावी स्त्री भीत व कापत येशूपुढे आली आणि तिने सर्व काही खरे सांगितले (मार्क ५:३३). तिला ‘मुली’ ही हाक ऐकू आली. ज्या कंपातून सत्य बोलण्याचे धैर्य निघते तो शास्त्रातील कंप. डर्बीच्या तुरुंगातील मनुष्याची कसोटीही हीच ठरली.

तिसरी : भूकंपाचा उपयोग लोकांस घाबरविण्यासाठी करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली आणि हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. २२ मे १९९७ रोजी जबलपूरनेही धक्का अनुभवला. अशा वेळी मृतांच्या पापांचा हिशेब मांडण्याचा मोह व्यासपीठावर होतो. शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले त्यांच्याविषयी प्रभूने काय सांगितले (लूक १३:४), ते त्या मोहापूर्वी वाचावे. जड दगडी छपराने माणूस मेला असेल तर पुढील घर कसे बांधावे हे सांगणे, हाही देवाच्या वचनाविषयी कापण्याचाच एक प्रकार आहे. शुनेमच्या बाईने खोलीच बांधली होती.

चौथी : हिणविणाऱ्या नावांची भीती बाळगू नये. ‘ख्रिस्ती’ हे नावही अंत्युखियात बहुधा बाहेरच्यांनीच ठेवले (प्रेषितांची कृत्ये ११:२६). ‘मेथॉडिस्ट’ हा ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा टोमणा होता. आपल्या खेड्यांतही ‘किरिस्ताव’, ‘बाटगे’ हे शब्द ऐकून मुले शाळेतून रडत घरी येतात. त्या मुलास आपण काय सांगतो हे महत्त्वाचे. नावाचा अर्थ नाव ठेवणारा ठरवीत नाही. ते नाव धारण करणाऱ्यांच्या तीन पिढ्या कशा जगल्या, त्यावरून तो ठरतो. मात्र हे सांगताना त्याचे दुःख लहान लेखू नये, आणि आपणही इतरांस तशी नावे ठेवीत नाही ना, हे आपल्या घरी तपासावे.

आता त्या वृद्ध बाईस काय उत्तर द्यावे? आम्ही त्या बंधूंस असे कळविले आहे: “बाई, तुमच्या घरी नातू जन्मला तेव्हा पहिल्यांदा त्याला हाती घेताना तुमचे हात कापले असतील. ते त्याच्या भीतीने नव्हे. तो मोलाचा आणि नाजूक होता, आणि तुमच्या हाती दिला होता, म्हणून. देवाने तारण तसे तुमच्या हाती दिले आहे. ते तसे धरा.” इब्री पत्राचा लेखक, हलविल्या जाणाऱ्या सर्व गोष्टी जातील आणि न हलणारे राज्य राहील, असे सांगतो (१२:२७, २८). त्या राज्यापुढे आज ज्याचे हात कापतात, त्याचे पाय मात्र उद्या दुसऱ्या कोणापुढे लटपटणार नाहीत.